गाठ मारलेल्या पिशव्या

आमच्या घरात पहिली कॅरीबॅग आली ती नानांच्या हातून. नाना म्हणजे माझे वडील. जळगावच्या एका दाळमिलमध्ये ते मशिनवर होते. तोपर्यंत बाजारात जायचं म्हणजे दारामागच्या खिळ्यावरची मांजरपाटाची पिशवी काढायची. तिला मेथीची माती आणि तेलाचे डाग कायमचे, तळाशी एखादी वाळकी मिरची. वाण्याकडचं सामान कागदाच्या पुड्यांत यायचं आणि पुड्यांचा दोरा आई सोडवून रिळाला गुंडाळून ठेवायची. नव्वद साल जवळ आलं तसे वाणी, भाजीवाले, झाडून सगळे पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या फुकट द्यायला लागले. नाना रिकाम्या हातानं कामावर जायचे आणि भरल्या हातानं परत यायचे, याचंच त्यांना कौतुक. सोबत पिशवी न्यायची आठवण ठेवावी लागत नाही, म्हणजे केवढी सोय.

आईला तर घबाडच मिळालं. फुकट आलेली वस्तू फेकणाऱ्यातली ती नव्हे. कॅरीबॅग रिकामी झाली की ती साबणाच्या पाण्यात धुवायची, उलटी करून दोरीवर चिमट्यानं लटकवायची, सुकली की घडी घालून गादीखाली ठेवायची. आमच्या अंगणात कपडे कमी आणि पिशव्या जास्त वाळत असायच्या. एखादीचा बंद तुटला तर मेणबत्तीवर दोन्ही कडा धरून ती चिकटवायची. त्या जोडावर करपल्यासारखी एक जाड रेघ उठायची. तशी पिशवी बाकी कुणाच्या घरात नसायची, कारण एवढा उद्योग करायला दुसरं कुणी रिकामं नव्हतं. मी तिला म्हणायचे, आता फक्त पिशव्यांना हळदीकुंकू लावायचं राहिलंय. ती म्हणायची, सासरी गेलीस की कळेल.

सासरी जायचं माझं तेव्हा चाललंच होतं. बारावी होऊन दोन वर्षं झाली होती. मी टायपिंगच्या क्लासला जात होते आणि फैजपूरकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, घरची केळीची थोडी बाग. आईच्या मनातल्या मनात अक्षता टाकूनही झाल्या होत्या.

नानांचा खोकला जुना. दाळमिलमध्ये काम करणारा माणूस खोकतोच, त्याचं कुणी मनावर घेत नाही. धूळ नाकातोंडात जाते, भुवयांवर पिवळी बसते. पण त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना रोज संध्याकाळी ताप यायला लागला आणि पॅन्टच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. जळगावच्या सरकारी दवाखान्यात जायला ते काही केल्या तयार होईनात. तिथल्या रांगेत निम्मी ओळखीची माणसं भेटणार. म्हणून धुळ्याला जायचं ठरलं. मिलच्या कामाला जातो असं गल्लीत सांगून ते निघाले, आणि एकटं नको म्हणून आईनं मला सोबत धाडलं.

धुळ्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघून क्षय सांगितला. माणूस चांगला होता, घाई न करता बोलला. औषध एक दिवसही चुकवायचं नाही, आणि थुंकी इकडे तिकडे टाकायची नाही. झाकणाचा डबा करा, त्यात फिनेल टाका, त्यात थुंका आणि ते जाळा नाहीतर खोल पुरा. एवढं पाळलंत तर घरातल्यांना भीती कमी, असं त्यानं माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. परतीच्या एसटीत नाना खिडकीबाहेर बघत बसले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "हे घराबाहेर जायला नको, माय. तुझं एकदा होऊन जाऊ दे."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. क्षयाच्या घरची मुलगी कोण करणार? रोग त्यांच्या रक्तातच आहे म्हणायला लोक टपलेले असतात. गल्लीत आधी एका घरी हा आजार होऊन गेला होता आणि त्यांच्या बाजेखालचा झाकणाचा डबा पोराटोरांनासुद्धा ठाऊक होता. आमची घरं एका ओळीतली, अंगणं उघडी, मधे कमरेएवढी भिंत. डबा दिसला की संपलं.

तेव्हा नानांनीच युक्ती काढली. खोकला आला की कॅरीबॅगेत थुंकायचं, वर घट्ट गाठ मारायची. अशा तीन-चार पिशव्या दिवसभरात व्हायच्या, त्या एका मोठ्या पिशवीत घालायच्या आणि सकाळी केरासोबत मागच्या उकिरड्यावर टाकायच्या. डब्याला लोक विचारतात, पिशवीला कोण विचारतं, असं म्हणून ते स्वतःच्या हुशारीवर थोडंसं हसलेही. गादीखालचा आईचा खजिना असा कामी आला. टाकायचं काम माझं. कार्तिकातल्या थंडीत पदरात हात गुंडाळून मी ती पिशवी दोन बोटांत धरून न्यायची आणि टाकून मागे न बघता यायची.

त्या उकिरड्यावर अक्का यायची. गल्लीतले सगळेच तिला अक्का म्हणायचे. वय पन्नाशीचं असेल, अंगानं काटक. पूर्वी ती नानांच्याच मिलमध्ये दाळ निवडायला होती. चाळणीचं नवीन मशिन आलं आणि निवडणाऱ्या बायका घरी बसल्या, तेव्हापासून ती उकिरड्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचायची. कोपऱ्यावरच्या नळाशी बसून त्या धुवायची, बाभळीच्या कुंपणावर वाळवायची, थप्पी करायची आणि बाजारात भाजीवाल्यांना विकायची. आम्ही ज्या पिशव्यांतून भाजी आणायचो त्यातल्या कितीतरी तिच्या हातून गेलेल्या असायच्या. ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नानांना ती भाऊ म्हणायची आणि ते दिसले की मिलमध्ये आता कोण कोण राहिलंय ते विचारायची.

पौषातल्या एका सकाळी मी कळशी घेऊन नळावर गेले. अक्का पाय पसरून बसली होती, पुढ्यात ओल्या पिशव्यांचा ढीग. एका पिशवीची गाठ तिला सुटेना. नखं लावून झाली. मग तिनं ती गाठ दातात धरली आणि मान हिसकून ओढली. पिशवी सुटली, तिनं ती नळाखाली उलटी केली, आतलं वाहून गेलं. पिशवीच्या बंदावर करपल्या जोडाची जाड रेघ होती.

मी तिथे उभी होते. तिनं तोंडाला लागलेलं पदरानं पुसलं, माझ्याकडे बघून हसली आणि आज उशीर का झाला म्हणून विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं, कळशी भरली आणि घरी आले. पाणी सांडत आले असेन, कारण साडी भिजली होती.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच थांबले. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी तिला कळलं नाही. मी म्हटलं, तिला सांगायला हवं. तिनं जळकी भाकरी उतरवली आणि म्हणाली, अक्काला सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं. ती दिवसभर नळावर असते, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीशी बोलते, तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

हे आम्ही कशावरून ठरवलं, ते मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. अक्कानं कुणाचं काही कुणाला सांगितल्याचं मला एकदाही आठवत नाही. ती उकिरड्यावर वेचते म्हणून तिच्या पोटात काही राहत नसणार, असं आम्ही धरून चाललो. भरवशाची माणसं म्हणजे ज्यांच्या घरी सोफा आहे ती, अशी आमची अक्कल.

मग आईनं तोडगा काढला. तो आज सांगतानाही मला स्वतःची चीड येते. ती म्हणाली, गाठी सैल मारत जा. सैल असल्या म्हणजे तिला दात लावावे लागणार नाहीत. आणि मी त्या दिवसापासून नानांच्या पिशव्यांच्या गाठी सोडून पुन्हा सैल बांधायला लागले. रोज सकाळी, नाक फिरवून, हळूच. आपण तिच्यासाठी काहीतरी करतोय असं मला चक्क वाटायचं. तिला नुसतं 'अक्का, आमच्या पिशव्यांना हात लावू नको' एवढं म्हणायचं धैर्य नव्हतं, कारण ती का विचारेल याची धास्ती. माघात नानांच्या थुंकीत रक्त यायला लागलं. तरी पिशव्या चालूच होत्या.

माघाच्या शेवटी आई आठवडी बाजारातून आली ती हात अंगापासून लांब धरून. हातात टोमॅटोची पिशवी होती. ती तिनं ओट्यावर ठेवली नाही, अंगणातच खाली ठेवली आणि मला बोलावलं. पिशवीच्या बंदावर मेणबत्तीचा जोड होता. भाजीवालीनं टोमॅटो तिच्यात घालून दिले तेव्हा आईला दिसला नाही, नशिराबादच्या रिक्षांपाशी गर्दीत पिशवी सावरताना तिच्या अंगठ्याला ती रेघ लागली. एवढ्या मोठ्या बाजारात ती पिशवी नेमकी आमच्याच घरी परत आली. बाकीच्या कुणाकुणाच्या घरी गेल्या असतील, हे आम्ही दोघी तोंडानं बोललो नाही.

त्याच दुपारी आईनं गादी उलटली आणि खालच्या सगळ्या पिशव्या बंबात कोंबल्या. काळा धूर निघाला, घर त्या वासानं भरलं. शेजारणीनं भिंतीवरून विचारलं, तर आईनं उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या जाळतेय म्हणून सांगितलं. मग तिनं नानांच्या मिलच्या दोन जुन्या खाकी पॅन्टी फाडल्या आणि हातशिलाईनं चार पिशव्या शिवल्या, दुहेरी टाक्यांच्या. बंदांना पॅन्टच्याच कमरेची पट्टी लावली. या घरात आता प्लॅस्टिकची पिशवी येणार नाही, असं ती म्हणाली. नाना बाजेवरून बघत होते. त्यांनी का ते विचारलं नाही. त्यांनाही बहुतेक कळलं होतं.

नानांसाठी पत्र्याचा डबा आला. बाजेला आईनं गोणपाटाचा पडदा लावला, त्यामागे तो ठेवला. फिनेल टाकायची आणि उजाडायच्या आधी गावाबाहेरच्या एका शेताच्या बांधाला जाऊन स्वतः खड्ड्यात पुरून यायची. कुणाला काही दिसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. म्हणजे हे पहिल्या दिवसापासून जमण्यासारखं होतं. थोडे कष्ट पडले असते, एवढंच.

अक्काला सांगायचं मात्र राहिलं. आई म्हणाली, बघण्याचा कार्यक्रम होऊ दे. तो फाल्गुनात झाला. मग म्हणाली, साखरपुडा होऊ दे. मग लग्न होऊ दे. वैशाखात लग्न झालं. मांडवात नाना पूर्णवेळ उपरणं तोंडावर धरून बसले होते. लेक चालली म्हणून बापाला भरून आलंय असं वऱ्हाडाला वाटलं, दोन-तीन बायकांनी त्यांना बघून डोळे पुसले. लग्नाच्या धावपळीत नानांच्या धुळ्याच्या दोन खेपा चुकल्या, औषध तुटलं. पुढच्या मार्गशीर्षात ते गेले. लोकांना दमा सांगितला.

सासरी जाताना आईनं मला त्यातली एक खाकी पिशवी दिली होती. जावा हसायच्या. एवढी फुकट पिशवी मिळते आणि ही बया हमालासारखी खाकी झोळी घेऊन निघते, असं म्हणायच्या. मी भाजीवाल्याची कॅरीबॅग परत त्याच्या हातात द्यायचे आणि भाजी झोळीत ओतायला लावायचे. काही वर्षांनी गटारी तुंबायला लागल्या, गाईंच्या पोटातून पिशव्या निघाल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि गावातल्या महिला मंडळानं मला बोलायला बोलावलं. तुम्हाला हे सगळ्यांच्या आधी कसं सुचलं, असं एका बाईनं माइक पुढे करून विचारलं. मी म्हटलं, आईनं लावलेली सवय. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी जेवले नाही.

पण हे पुढचं. लग्नानंतर दोन वर्षांनी मी माहेरी गेले तेव्हा नळावर अक्का नव्हती. आई म्हणाली, ती आजारी आहे, नानांचाच आजार. आई रोज तिच्याकडे जात होती. दूध, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कधी अंडी, असं खाकी पिशवीत घालून न्यायची. सरकारी दवाखान्यातून तिची औषधंही आईच आणायची, नानांना ज्या रांगेची लाज वाटत होती त्याच रांगेत उभं राहून. तेवढ्यानं आईला बरं वाटत असेल तर असो. मला वाटत नव्हतं.

मी पुढे एका डॉक्टरला आडून विचारलं होतं. तो म्हणाला, हा रोग हवेतून जातो, खोकल्यातून. धुतलेल्या पिशवीतून गेला असं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. मिलची धूळ तिनंही खाल्ली, कोंदट पत्र्याच्या खोलीत राहिली, कुठूनही आला असेल. माझं समाधान व्हावं म्हणून तो बोलत होता. पण माझा प्रश्न रोग कसा जातो हा नव्हताच. आम्हाला तेव्हा डॉक्टरकी ठाऊक नव्हती. या पिशव्यांतून तिला आजार होणार अशी आमची खात्री होती, आणि तशी खात्री असताना आम्ही गप्प बसलो.

माहेरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर अक्काकडे गेले. रेल्वे रुळांपलीकडे तिची पत्र्याची खोली होती. आत अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिला बघून मी दारातच थबकले, कारण ओळखीचं असं फक्त हसणं उरलं होतं. आईनं दूध वाटीत ओतलं, तिच्या हातात दिलं, ती पिईपर्यंत थांबली. मग खाली बसली आणि म्हणाली, अक्का, तुला एक सांगायचं राहिलंय. आणि तिनं सगळं सांगितलं. डबा, पिशव्या, सैल गाठी, बाजारातली टोमॅटोची पिशवी. मधे कुठे थांबली नाही. दोन वर्षं ती मनातल्या मनात हेच म्हणत आली असणार.

अक्कानं वाटी खाली ठेवली. "माले म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "पिशवीमा रगत दिखनं, तवयच समजनं."

माघातच तिला कळलं होतं. त्यानंतर तिनं आमच्या उकिरड्यावरच्या गाठीच्या पिशव्या सोडून द्यायला सुरुवात केली, पण तोवर सगळा हिवाळा उलटला होता. ती कुणाला बोलली नाही. मग दम खात खात तिनं आम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. बघण्याच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी फैजपूरची एक बाई नळावर आली होती. ती माझी आतेसासू, जळगावात नातलगांकडे उतरली होती, आणि आमच्याकडची रीत अशी की मुलीच्या घराची खरी चौकशी घरी न करता कोपऱ्यावर करायची. दिवसभर नळावर बसणारीला सगळी गल्ली ठाऊक असते, हे त्या बाईनं बरोबर हेरलं. तिनं मुलीचं वळण विचारलं, आईचा स्वभाव विचारला, आणि मग आवाज खाली आणून विचारलं की मुलीचा बाप फार खोकतो म्हणतात, ते काय आहे.

"मी सांगं, दाळमिलनी धूळ शे. तठे बठ्ठासले ऱ्हास खोकला," अक्का म्हणाली. मिलमध्ये सगळ्यांनाच खोकला असतो, एवढं सांगून तिनं त्या बाईला वाटेला लावलं होतं.

आई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. माझा संसार त्या एका वाक्यावर उभा होता आणि ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिथून पळूनही जावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच जमलं नाही.

अक्का आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. खोकल्याची उबळ आली, ती तिनं पदरात जिरवली, मग म्हणाली, "तुम्ही सांगतात तं मी हात नही लावती, माय. मी कोनले सांगनार व्हती?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. तिला उत्तर हवं होतं, आणि ती त्याची वाट बघत आमच्या तोंडाकडे पाहत राहिली.